आत्याच्या निकालाची नक्कल

आमच्या घराण्यात एक खोड आहे. समोरचा काय बोलतो ते कळलं नाही, की आम्ही गंभीर चेहरा करून मान डोलावतो. "समजलं नाही, पुन्हा सांगा," एवढं काही आमच्या तोंडून निघत नाही. तंजावरच्या दरबारात आमचे पूर्वज नेमकं काय काम करीत होते हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. माझा आपला अंदाज, महाराज बोलत असताना मान डोलावण्याची चाकरी असावी. पुढे राज्य खालसा झालं, चाकरी गेली, आम्ही कुंभकोणमला येऊन राहिलो, पण मान काही थांबली नाही. माझ्या अप्पांची डोलायची. माझीही डोलते.

या डोलणाऱ्या मानेची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती माझ्या आत्यानं.

आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती परत आमच्या घरी आली ती कायमची. बोलायला फटकळ, चालायला काटक. तिरुनागेश्वरमला पायी जायची, मरुदानल्लूरला भजनाला जायची, रात्र झाली तर तिथेच मुक्काम ठोकायची. पण मामांगमच्या तलावाचं तिला वावडं. आमच्या घरापासून बाजारात जाणारा सरळ रस्ता त्या तलावाच्या काठानं जातो. आत्या कोपऱ्यापर्यंत यायची, तिथे वळायची, आणि गल्लीबोळांतून, कुणाच्या परसातून, कुणाच्या गोठ्याला वळसा घालून बाजार गाठायची. लहानपणी तिचा हात धरून मीही त्या गल्ल्यांतून हिंडलो आहे. बाजाराचा रस्ता तोच, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

दुसरी तिची गंमत म्हणजे ती कुठल्याही भांडणात साक्ष द्यायची नाही. घरात लोणच्याची बरणी कुणी फोडली, याचा साधा निवाडा करायचा असला तरी म्हणायची, "मज विचारूं नका बा. माझा निकाल अजून लागला नाहीं." आम्ही पोरं हसायचो. अप्पा हसायचे नाहीत. ते उठून बाहेर जायचे.

हकीकत अशी. मी पाळण्यात होतो तेव्हाच्या मामांगम-पर्वणीची. दर बारा वर्षांनी माघात या तलावात गंगा-यमुनेसकट नऊ नद्या येतात अशी आमच्याकडे सगळ्यांची श्रद्धा आहे, आणि त्या दिवशी सगळा मद्रास इलाखा आमच्या गावात उतरतो. आत्या तेव्हा नवी लग्न झालेली, स्नानासाठी माहेरी आलेली. पायऱ्यांवर उभी असताना कुणी जमीनदार स्नानाला आले म्हणून पोलिसांनी बायकांना मागे रेटायला सुरुवात केली. एका शिपायानं आत्याला छडीनं ढोसलं. आत्याच्या हातात पितळेचा भरलेला तांब्या होता. तो तिनं शिपायाच्या डोक्यावर हाणला. पागोटं पाण्यात गेलं, शिपाई पायरीवर बसला, आणि आत्याला अंघोळ न करताच पकडून चावडीवर नेलं.

खटला चालला तो तालुका कचेरीत, मॅजिस्ट्रेटसमोर. आमच्या घरच्या बायका कोर्टात उभ्या राहात नाहीत असा अप्पांनी हट्ट धरला. मॅजिस्ट्रेट भला माणूस असावा. भावानं बहिणीच्या वतीनं बोलावं, असं त्यानं चालवून घेतलं. आत्या दाराबाहेर व्हरांड्यात उभी होती. आत काय चाललं होतं त्यातलं तिच्या कानांवर एकच वाक्य नीट आलं. कारकुनानं तमिळमध्ये विचारलं, "साहेब काय म्हणतात ते तुम्हांला तमिळमध्ये सांगू का?" आणि अप्पा म्हणाले, "नको. इंग्रजी चालेल."

मग साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला. अप्पा बाहेर आले. कचेरीतल्या शिपायानं एका बाकाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, तिथे बसा, हलायचं नाही. दोघं बसली. दुपार झाली. आत्याला तहान लागली, पण अप्पा म्हणाले, बस, आतून हाक मारतील. हाक कुणी मारली नाही. संध्याकाळी साहेब टोपी घालून पायऱ्या उतरून गाडीत बसून गेला. शिपायानं बाक भिंतीला लावला आणि म्हणाला, जा घरी. आत्यानं विचारलं, "काय झालें?" अप्पा म्हणाले, "झालं. चल." त्यापुढे आयुष्यभर त्यांनी त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

आपण दोषी ठरलो की सुटलो, हे आत्याला कुणी सांगितलंच नाही. आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तलावात पाऊल घालायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. नंतरचं एक मामांगम तिनं घरात मोलकरणीबरोबर पापड लाटत काढलं. मी तेव्हा शाळेत होतो. मी तिला म्हटलं, "आत्या, जाऊन ये ना. कोण विचारतंय?"

"नद्या विचारतील," ती म्हणाली. "पाप धुवायला आलीस कीं अंग धुवायला, असें गंगेनं विचारलें, तर काय सांगूं तिज?"

अप्पा वारले. पुढचं मामांगम तोंडावर आलं. रस्त्यांवर मांडव पडू लागले, पाण्याचे हौद बांधले जाऊ लागले. आणि एका सकाळी आत्या माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तूं कोर्टांत जातोस. माझें काय झालें तें काढून आण. स्नानाच्या आधीं."

इथे माझी ओळख करून देणं भाग आहे. मी बी. ए. होता होता राहिलेला मनुष्य. एका वकिलांकडे इंग्रजी पत्रं टंकलेखन यंत्रावर बडवायची, हे माझं काम. आमचे वकील पक्के दिवाणीचे. बांधांची भांडणं, वाटण्या, देवस्थानच्या जमिनी. फौजदारीचा त्यांना विटाळ होता. त्यामुळे फौजदारी कोर्टाचं दफ्तर कुठल्या दाराशी असतं हेही मला ठाऊक नव्हतं. पण आत्या समोर बसली होती, आणि तिच्या मागे आई दारात उभी होती.

मी मान डोलावली.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. "नक्कल काढायची. दोन दिवसांचं काम."

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत मुनसफ कोर्टाच्या दफ्तरखान्यात गेलो. तिथले लोक मला ओळखत होते. मी आत्याच्या खटल्याचं सांगितलं, तर दफ्तरदार माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी देवळात येऊन मासळी मागितली. हे दिवाणी कोर्ट आहे, तो म्हणाला. फौजदारीचं दफ्तर मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत असतं, तालुका कचेरीच्या मागच्या अंगाला. एवढी वर्षं मी त्या इमारतीसमोरून रोज जात होतो. ते दार मला पाणपोईचं वाटायचं.

तिथे हेडक्लार्क होते. त्यांच्या तोंडात कुंभकोणमची पानं अखंड भरलेली असायची. बोलताना लाल रस बाहेर येऊ नये म्हणून ते हनुवटी वर धरीत आणि छताशी बोलत. तमिळ लोक आम्हां मराठी माणसांना 'रायर' म्हणतात. त्यांनी छताला विचारलं, "काय रायर?" मी काम सांगितलं. त्यांनी बोटं मोजत समजावून दिलं. अर्ज लिहा. कोर्ट फीचं तिकीट लावा. खटल्याचा नंबर माहीत असेल तर नंबर, नसेल तर साल सांगा, म्हणजे त्या सालचं रजिस्टर आम्ही शोधू. एकाहून जास्त सालं शोधायची असतील तर प्रत्येक सालाची शोधणावळ वेगळी. आरोपीचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. आणि सगळ्यात मुख्य, नक्कल कुणाला हवी? आरोपीला तिच्या निकालाची नक्कल मागण्याचा हक्क आहे. परक्यानं मागितली तर कशासाठी हे लिहून द्यावं लागेल, आणि साहेबांना पटलं तरच. तेव्हा अर्ज तिच्याच सहीनं आणा.

आत्यानं सही केली. बालबोध लिपीत, टपोऱ्या अक्षरांत, ओळीवर शिरोरेघ मारून. हेडक्लार्कांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कुठलं स्तोत्र?" मग मला घरी परत जाऊन तिचा अंगठा घ्यावा लागला. आत्यानं अंगठा उमटवला खरा, पण मला म्हणाली, "लिहितां येतें त्या बाईचा अंगठा घेणारें कोर्ट मज कधीं न्याय देणार नाहीं." मी म्हणालो, ही नुसती रीत आहे. रीत या शब्दावर माझा फार जोर असे.

अर्जावर साल मी घातलं. याचा मला अभिमान होता. आईला ते मामांगम कीलक संवत्सरात झालं, हे पक्कं आठवत होतं. आम्हां मराठी लोकांना इंग्रजी सालं आठवत नाहीत; संवत्सरांची नावं मात्र देवाच्या नावांसारखी तोंडपाठ. मी वकिलांच्या कपाटातलं जुनं पंचांग काढलं, कीलक संवत्सर कुठल्या इंग्रजी सालात लागलं ते पाहिलं, आणि ते साल अर्जात सुवाच्य अक्षरांत लिहिलं. खाली रेघही मारली. माझ्याशिवाय घरात हे कुणाला सुचलं असतं, असा विचार करून मी त्या दिवशी जरा जास्तच भात खाल्ला.

व्हरांड्यात एक फळा होता. ज्यांच्या अर्जांचं काही झालं असेल त्यांची यादी त्यावर चिकटवीत. मी रोज जाऊन पाहायचो. शेवटी माझा अर्ज लागला. शेरा होता: शोध घेतला, आढळला नाही.

मी घरी आलो तो पडेल चेहऱ्यानं. आत्यानं शेरा ऐकला. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तें जाळून टाकलें?" ती म्हणाली. "म्हणजे आतां कधींच कळणार नाहीं?" तोपर्यंत हे सगळं मला माझ्या हुशारीचं प्रदर्शन वाटत होतं. तिला ते काय होतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

आई वाटली डाळ भांड्यात काढत होती. ती म्हणाली, "कीलकांतच होतें रे. माघांत. थंडी होती, तुज ताप आला होता."

माघ. मामांगम पडतं माघात. संवत्सर लागतं चैत्रात, आणि माघ येईपर्यंत इंग्रजी साल बदलून महिना-दीड महिना होऊन गेलेला असतो. मी ज्या सालाखाली रेघ मारली होती त्या सालात मामांगम नव्हतंच. पुस्तकातलं साल बरोबर, आणि माणूस गाढव. कुंभकोणमात जन्मलेल्या माणसानं मामांगम कुठल्या इंग्रजी महिन्यात येतं हे चुकवावं, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पुन्हा अर्ज. पुन्हा तिकीट. पुन्हा अंगठा, आणि अंगठ्याबरोबर आत्याचं तेच वाक्य. या वेळी साल बरोबर होतं. तलावाकाठी बांबूचे कठडे उभे राहू लागले होते.

काही दिवसांनी हेडक्लार्कांनी मला आत बोलावलं. समोर जाडजूड रजिस्टर उघडं होतं. तोंडात पान होतं. ते इंग्रजीत बोलू लागले. कशासाठी, देव जाणे. कदाचित माझ्या कोटामुळे. छताकडे पाहत, पानातून वाट काढत, त्यांचं इंग्रजी माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा त्यात शब्द असे उरलेच नव्हते. नुसता सुपारीचा वास. शेवटी त्यांचा आवाज वर गेला, म्हणजे काहीतरी विचारलं असावं. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हनुवटी आणखी थोडी वर करून तमिळमध्ये विचारलं, "तमिळमध्ये सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "इंग्रजी चालेल."

आणि मान डोलावली.

त्यांनी रजिस्टर मिटलं. मी बाहेर आलो. मनात म्हटलं, काम होतंय. रोज जाऊन फळा पाहत राहिलो. एका दिवशी यादीत माझा नंबर दिसला. पुढे लिहिलं होतं: मागितलेला तपशील न पुरवल्यामुळे अर्ज निकाली काढला.

कुठला तपशील? कुणी मागितला? कधी?

मी त्या व्हरांड्यात उभा होतो. डाव्या हाताला भिंतीला लावलेला बाक होता. आणि एकदम मला माझे अप्पा तिथे उभे दिसले; खांद्यावर उपरणं, ताठ मान, आतून नुकतेच बाहेर आलेले. त्यांनी आत्याला निकाल सांगितला नाही, तो लपवण्यासाठी नाही. त्यांना तो कळलाच नव्हता. "नको, इंग्रजी चालेल," असं म्हणून आले होते ते. मग कुणाला विचारणार? विचारायचं तर कळलं नाही असं सांगायला लागणार. एवढ्यासाठी त्या माणसानं बहिणीची नजर टाळत सगळं आयुष्य काढलं. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीवरून ते उठून का जायचे, ते मला त्या दिवशी कळलं. मला अप्पांचा भयंकर राग आला. आणि रागापाठोपाठ, त्या व्हरांड्यात, मला त्यांची आठवण येऊन रडू आलं.

मी परत आत गेलो. हेडक्लार्क पान लावत होते, तोंड रिकामं होतं. हीच वेळ होती. मी म्हणालो, "त्या दिवशी आपण काय विचारलंत ते मला कळलं नव्हतं. तमिळमध्ये पुन्हा सांगा."

जन्मात पहिल्यांदा हे वाक्य मी बोललो. कान गरम झाले. हेडक्लार्कांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी चुना पुसला आणि सांगितलं. तुमच्या अर्जातलं नाव रजिस्टरात नाही. त्या सालच्या मामांगमच्या दिवशी पोलिसाच्या कामात अडथळा आणल्याच्या खटल्यात एक मराठी बाई आहे, पण तिचं नाव वेगळं आहे. या बाईला दुसरं नाव आहे का?

दुसरं नाव! आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरचं नाव माहेरी राहातं आणि सासरी नवं नाव लागतं. तमिळ माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं. मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मी पडलो कायद्याच्या कचेरीत बसणारा. विवाहित स्त्री, म्हणून अर्जात तिचं सासरचं नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव लिहिलं, सगळं कसं रीतसर. आत्याला एका शब्दानं विचारलं नाही.

घरी येऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कारकुनानं बाहेर येऊन यांचें नांव विचारलें होतें. नवऱ्याचें नांव मी कशी घेऊं? मी उगी राहिलें. मग तुझ्या अप्पानंच बाहेर येऊन माझें माहेरचें नांव सांगितलें, सासरची अब्रू जाऊं नये म्हणून." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हें तूं मज आधीं कां विचारलें नाहींस?"

मी तिसरा अर्ज लिहायला बसलो.

मामांगमच्या आदल्या दिवशी दुपारी, कचेरी बंद व्हायच्या जरा आधी, मला नक्कल मिळाली. रस्त्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. खटल्याचे मूळ कागद कधीच नष्ट केले होते. किरकोळ खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर फाडून टाकतात, हे हेडक्लार्कांनी सांगितलं. राहातं ते रजिस्टर. त्यातल्या एका आडव्या ओळीची नक्कल माझ्या हातात होती. नंबर, आत्याचं माहेरचं नाव, बापाचं नाव, पोलिसाच्या कामात अडथळा. आणि पुढे: भावामार्फत गुन्हा कबूल. दोषी.

गुन्हा कबूल. आत्यानं तर तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे साहेबानं विचारलं असणार, कबूल आहे का, आणि अप्पांनी काय केलं असेल हे मला कुणी सांगायला नको होतं.

शेवटच्या रकान्यात शिक्षा होती. ती मी दोनदा वाचली आणि काही उलगडलं नाही. पण आता मला सवय झाली होती. मी विचारलं, "हे काय आहे? समजलं नाही."

हेडक्लार्कांनी सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. समोरून यात्रेकरूंची रांग चालली होती. मी तिच्याशेजारी बसलो, कागद उघडला. म्हणालो, "आत्या, तू दोषी ठरलीस."

तिनं हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरें झालें. कळलें तरी. शिक्षा काय?"

"कोर्ट उठेपर्यंत कैद."

"म्हणजे काय?"

"छोट्या गुन्ह्याला देतात. तुरुंगात पाठवत नाहीत. आजचं काम संपून साहेब उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. साहेब उठला, की शिक्षा संपली."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांपुढे तो बाक आला असावा. "तें बाकावर बसविलें होतें, तें?"

"तेच."

"ती शिक्षा होती?"

"हो. संध्याकाळी साहेब गाडीत बसला तेव्हा तुझी सगळी शिक्षा भोगून झाली होती."

"आणि तुझा अप्पा माझ्या बाजूस बसला होता तो?"

"ते उगीचच बसले होते."

आत्या हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रांगेतले दोघे-तिघे थांबून पाहू लागले. मीही हसलो. आत स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, तिला काही कळेना. मग आत्याचं हसणं हळूहळू थांबलं, आणि पदर डोळ्यांवर तसाच राहिला.

"कोर्ट उठलें होतें," ती म्हणाली.

"उठलं होतं, आत्या. त्याच दिवशी."

"मग मी कशास बसलें रे एवढीं वर्षें?"

मान डोलावण्याची माझ्या जन्मभराची सवय. पण त्या वेळी मान हलली नाही. मी तिचा हात हातात घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. आत्याच्या हातात पितळेचा तांब्या होता. मी म्हणालो, "तांब्या घरी ठेवला तर?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या काखेला मारला. कोपऱ्यावर आलो. इथे ती नेहमी वळायची, आणि सवयीनं माझे पाय गल्लीकडे वळलेच. वळून पाहिलं तर आत्या शेजारी नव्हती. ती गर्दीबरोबर सरळ रस्त्यानं तलावाकडे चालली होती, आणि मला तिच्यामागे पळावं लागलं.